गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की आपल्या दारात पाणी कधी येतं?

ताईंचा प्रश्न असा आहे की गंगापूर रोडला नदीच्या बाजूला फ्लॅट घेतलाय, नाशिकमधला पहिलाच पावसाळा, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसातून चारदा 'गंगापूर धरणातून अमुक क्युसेक विसर्ग' असे मेसेज येतात, त्यावरून घाबरायचं की नाही ते कळत नाही, आणि मुळात शहराला पूर येणार हे आधी कसं कळतं. मी पाटबंधाऱ्याच्या कामात नोकरी केली, त्यातले बरेच पावसाळे पूर नियंत्रण कक्षात फोनशेजारी गेले, त्यामुळे जरा लांबण लागेल पण नीट सांगतो. घाईत असाल तर शेवटचा भाग आधी वाचा.

आधी तो क्युसेकचा आकडा समजून घ्या कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. म्हणजे ५,००० क्युसेक सोडले की सेकंदाला एक लाख चाळीस हजार लिटर पाणी दारांतून बाहेर पडतंय. ऐकायला भयानक वाटतं, पण नदीचं पात्र तुमच्या बाजूला खोल आहे आणि काठ उंच आहेत, तिथे एवढं पाणी आलं तर नदी भरलेली दिसेल, एवढंच. तेच पाणी रामकुंडावर आलं की घाटावर पसरतं, पायऱ्या, पटांगणं बुडायला लागतात, कारण तो भाग मुळात नदीचंच पात्र आहे, आपण तिथे फरशा घातल्या आणि दुकानं मांडली. तर एकाच आकड्याचा अर्थ दोन ठिकाणी दोन वेगळा. आकडा सांगतो दारातून किती निघालं ते. तुमच्याकडे पाणी कुठपर्यंत चढेल आणि किती वाजता चढेल हे तो सांगत नाही, आणि माझ्या मते इशारा फक्त त्यालाच म्हणावं ज्यात या दोन गोष्टी आहेत.

आता धरणात बसलेल्या माणसाला आधी कसं कळतं ते सांगतो. गोष्ट सुरू होते त्र्यंबकच्या डोंगरात. नाशिक शहरात वर्षाला सातशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस, त्र्यंबकला त्याच्या तिप्पट, इगतपुरीला तर तीन हजारांपुढे, आणि हे सगळं पन्नास किलोमीटरच्या आत. म्हणून शहरात लख्ख ऊन असताना नदीला पूर येतो, नवीन लोकांना हे पटतच नाही. गंगापूरच्या वरती काश्यपी आणि गौतमी गोदावरी ही दोन धरणं आहेत, त्यांचं पाणीही शेवटी गंगापूरमध्येच येतं, आणि पावसाचे आकडे येतात ते त्र्यंबक, अंबोली, काश्यपी, गौतमी आणि खुद्द गंगापूर इथून. आमच्या काळी सकाळी साडेआठला मोजपात्राने पाऊस मोजायचा आणि फोनवर आकडा सांगायचा, आता स्वयंचलित पर्जन्यमापक आहेत, पंधरा मिनिटांनी किंवा तासाने आकडा आपोआप येतो. पण पेपरात 'काल त्र्यंबकला १०० मिलीमीटर' असं छापून येतं ते अजूनही काल साडेआठ ते आज साडेआठ असंच असतं हे लक्षात ठेवा. तेच १०० मिलीमीटर दिवसभर रिमझिम पडले तर काही नाही, मध्यरात्रीनंतर चार तासांत पडले तर पहाटे धावपळ.

हिशोब काय करतात ते पण सांगतो, अवघड नाही. गंगापूरचं पाणलोट क्षेत्र, म्हणजे ज्या भागातलं पाणी उतरून धरणात येतं तो, साधारण ३५० चौरस किलोमीटर. त्यावर १०० मिलीमीटर पाऊस पडला तर साडेतीन कोटी घनमीटर पाणी, म्हणजे सव्वा टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). सगळंच धरणात येत नाही, जूनमध्ये जमीन तहानलेली असते, बरंच जमिनीत मुरतं आणि धरणात येणारी आवक बघून आपण म्हणतो एवढा पाऊस झाला आणि पाणी कुठे गेलं. ऑगस्टमध्ये मात्र भातखाचरं तुडुंब, डोंगर पाझरतायत, पडलेल्या पावसातला मोठा वाटा सरळ धरणात उतरतो. धरणाची एकूण साठवण साडेपाच टीएमसीच्या आसपास आहे. म्हणजे असा पाऊस सलग दोन-तीन दिवस झाला आणि धरण आधीच ऐंशी टक्के असेल तर पुढचं कोणीही सांगेल. एक टीएमसी पाणी चोवीस तासांत खाली सोडायचं तर अकरा-साडेअकरा हजार क्युसेक सतत चालू ठेवावे लागतात, हा आकडा आम्हाला सगळ्यांना पाठ असायचा.

लोक रागाने विचारतात की मग धरण आधीच रिकामं का ठेवत नाही. रास्त प्रश्न आहे. पण गंगापूर धरण बांधलं ते पिण्याच्या आणि शेतीच्या पाण्यासाठी, पूर अडवण्यासाठी नाही. नाशिक शहर वर्षभर पाणी पितं ते मुख्यतः याच धरणाचं. ऑगस्टमध्ये रिकामं ठेवलं आणि सप्टेंबर कोरडा गेला तर मार्चमध्ये टँकर. म्हणून प्रत्येक धरणाला एक आरओएस असतं, जलाशय परिचालन सूची, कुठल्या तारखेला किती पातळीपर्यंत भरू द्यायचं याचं वेळापत्रक. जुलैमध्ये थोडी जागा मोकळी ठेवायची, हळूहळू वाढवत न्यायचं, पावसाळा संपता संपता पूर्ण भरायचं. त्या पातळीच्या वर जायला लागलं की दारं उघडायची. आणि यातच एक गोष्ट दडलेली आहे जी नाशिककरांनी मनात पक्की धरावी. सप्टेंबर आला की धरण भरलेलं असतं, जागा नसते, वरून येईल ते जवळपास तसंच खाली. १९६९ चा मोठा पूर सप्टेंबरातला, २००८ चा १९ सप्टेंबरचा. २०१६ आणि २०१९ चे पूर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातले. गणपती झाले की पावसाळा संपला असं समजून गाड्या परत घाटावर लावायला लागतात ना, ते फार धोक्याचं.

दारं उघडायचा निर्णय एकट्याचा नसतो आणि एकदम पण नसतो. धरणावरचे इंजिनिअर आवक मोजतात, दर तासाला पातळी किती सेंटीमीटर चढली त्यावरून, वरिष्ठांशी बोलतात, मग जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला, महापालिकेला, पोलिसांना कळवतात, भोंगा वाजवतात आणि मग पाचशे-हजार असं टप्प्याटप्प्याने वाढवत नेतात. चांगला अधिकारी काय करतो तर दुपारीच थोडं जास्त सोडून ठेवतो, म्हणजे रात्री डोंगरात पाऊस वाढला तर हाताशी जागा राहते आणि झोपेत असलेल्या शहरावर एकदम पाणी सोडायची वेळ येत नाही. यावर टीका पण होते, 'पाऊस नाही आणि पाणी वाया घालवतायत' म्हणून. मला ती टीका कधीच पटली नाही. रात्री दोनला दहा हजार क्युसेक वाढवण्यापेक्षा दुपारी दोनपासून तीन हजार सोडलेले केव्हाही बरे, माणसं जागी असतात, उजेड असतो, टपरीवाल्याला हातगाडी हलवायला वेळ मिळतो.

हवामान खात्याचे रंग लोक विचारतात. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलीमीटर म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिजोरदार, त्याच्या वर अतितीव्र, या हिशोबावर आणि त्याच्या शक्यतेवर पिवळा, ऑरेंज, रेड ठरतो. तुम्ही एकच बघा, इशारा 'नाशिक'साठी आहे की 'नाशिक घाट'साठी, म्हणजे नदीचा घाट नव्हे, डोंगराकडचा भाग, दोन्ही वेगवेगळे देतात. नदीच्या पुरासाठी घाटाचा इशारा महत्त्वाचा, नाल्यांच्या पुरासाठी शहराचा. रडारवर फार विसंबू नका, मुंबईचं रडार त्र्यंबकपासून इतकं लांब आहे की तिथपर्यंत येताना त्याची किरणं बरीच उंचावरून जातात, डोंगराला चिकटलेल्या ढगांतून पडणारा पाऊस त्यात कमी दिसतो. शेवटी डोंगरातलं मोजपात्र खरं.

आता धरण ते शहर. पाणी दारातून निघालं की सोमेश्वर, आनंदवल्ली, मग चोपडा लॉन्सचा पूल, रामवाडी, आणि मग अहिल्यादेवी होळकर पूल, त्याला लागून रामकुंड. पात्राने हे अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास. पुराचं पाणी सेकंदाला दोन-अडीच मीटर धावतं असं धरलं तर रामकुंडाला पोचायला पावणेदोन-दोन तास लागतात. कमी विसर्ग असेल तर जरा जास्त वेळ. तुम्ही गंगापूर रोडला आहात म्हणजे तुमच्याकडे त्याच्या बरंच आधी, तासाभरात किंवा त्याच्याही आत. हा मुद्दा तुमच्यासाठी सगळ्यात मोठा आहे कारण ग्रुपवर येणारे फोटो बहुतेक रामकुंडाचे असतात, आणि रामकुंडाला पाणी चढलेलं दिसेपर्यंत ते तुमच्या मागून पुढे गेलेलं असतं.

होळकर पुलाजवळ विसर्ग वेगळा मोजतात. बातमीत दोन आकडे येतात, गंगापूरमधून इतका आणि होळकर पुलाखालून इतका, आणि दुसरा जास्त असतो. लोकांना वाटतं कोणीतरी खोटं बोलतंय. तसं नाही हो. धरणाच्या खाली जो पाऊस पडतो तो कुठल्याच दारातून जात नाही, तो ओढ्या-नाल्यांनी थेट नदीत येतो. समजा धरण आणि पूल यांच्यामधल्या ५० चौरस किलोमीटरवर तासाभरात ६० मिलीमीटर पाऊस झाला आणि त्यातला निम्मा वाहून आला, तर त्या तासापुरता चौदा-पंधरा हजार क्युसेकचा प्रवाह धरणातून एक थेंब न सोडता तयार होतो. आणि जितकं काँक्रीट वाढतंय, मळे जाऊन प्लॉट पडतायत, तितका तो निम्मा वाटा मोठा होत चाललाय. त्यामुळे दोन्ही आकड्यांतला फरक वाढायला लागला की मी जास्त सावध व्हायचो, कारण धरणाची दारं आपल्या हातात आहेत, हे पाणी कोणाच्याच हातात नाही.

दुतोंड्या मारुतीबद्दल लिहायलाच पाहिजे. नवीन लोकांना ती नुसती फोटोची जागा वाटते. रामकुंडाशेजारी गांधी तलावाजवळ उभी असलेली ती मूर्ती म्हणजे नाशिककरांची पूरपट्टी आहे, कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं, डोक्यावरून गेलं, एवढं म्हटलं की भांडी बाजारातल्या दुकानदाराला बरोबर कळतं आपला माल कुठल्या फळीवर चढवायचा. त्याच्याही पलीकडचं माप म्हणजे सरकारवाड्याच्या पायऱ्या आणि नारोशंकराची घंटा, घंटेला पाणी लागलं म्हणजे महापूर. आता कोणी म्हणेल हे जुन्या लोकांचं, आता सेन्सर आहेत. सेन्सर पाहिजेतच, पुलाला लावलेलं रडार पातळीमापक रात्री अंधारात, भर पावसातही आकडा देतं. पण ५६४ किंवा ५६५ मीटर असला समुद्रसपाटीपासूनचा आकडा दुकानदाराला देऊन उपयोग काय? मारुतीची कंबर त्याला कळते कारण त्या कंबरेचा आणि त्याच्या दुकानाच्या उंबऱ्याचा संबंध त्याच्या वडिलांनी दाखवून दिलेला आहे. आपल्या नवीन वस्त्यांकडे असा मारुती नाही. आनंदवल्लीला नाही, तपोवनाकडच्या नव्या कॉलन्यांत नाही, नासर्डीच्या काठच्या वस्तीत नाही. माझं स्पष्ट मत आहे की प्रत्येक पुलाच्या खांबावर आणि नदीकाठच्या प्रत्येक वस्तीतल्या एखाद्या विजेच्या खांबावर ठळक रंगात पट्ट्या मारल्या पाहिजेत, २००८ चं पाणी इथे, २०१९ चं इथे, निळी पूररेषा (ती काय ते पुढे सांगतो) इथे. खर्च रंगाच्या डब्याचा.

एक सावधगिरी मात्र, जुनं माप आणि जुना आकडा यांची जोडी कायम टिकत नाही. पात्रात गाळ साचतो, घाटाचं बांधकाम होतं, पुलाचे खांब येतात, बंधाऱ्याची दारं उघडी की बंद यावर फुगवटा, म्हणजे बंधाऱ्यामागे तुंबून चढणारं पाणी, बदलतो. पूर्वी ज्या विसर्गाला पाणी कमरेला लागायचं त्यालाच आता छातीला लागू शकतं. म्हणून विसर्ग आणि पातळी यांचं कोष्टक दर मोठ्या पुरानंतर नव्याने तपासावं लागतं.

पूररेषांचं थोडक्यात. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथपर्यंत पोचतो ती, आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदावाल्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला बंदी, निळी आणि लालच्या मध्ये अटींवर परवानगी. लोक '२५ वर्षांतून एकदा' ऐकून निवांत होतात, २००८ ला येऊन गेला म्हणजे आता २०३३ पर्यंत सुट्टी. तसं अजिबात नसतं. अर्थ एवढाच की दर वर्षी चार टक्के शक्यता, मागच्या वर्षी आला असला तरी यंदा पुन्हा चार टक्के. वीस वर्षांच्या होम लोनच्या काळात निळ्या रेषेपर्यंत पाणी निदान एकदा येण्याची शक्यता पन्नास टक्क्यांच्या वर जाते, लाल रेषेची अठरा टक्के. घर घेताना बिल्डरला मोकळ्या हवेबद्दल विचारतो तसं हे पण विचारा, आणि त्याच्या तोंडी उत्तरावर न थांबता महापालिकेच्या नगररचना विभागात तुमच्या सर्व्हे नंबरवर रेषा कुठून जाते ते नकाशात बघा.

इथपर्यंत नदीचं झालं. पण नाशिकमध्ये दुसरा एक पूर आहे, आणि त्याला दोन तास पण मिळत नाहीत. सराफ बाजार, दहीपूल, भांडी बाजार, हा भाग मारुतीच्या पायाला पाणी लागायच्या आधी बुडतो, आणि तो बुडतो सरस्वती नाल्याच्या पाण्याने. नाला आता वरून बंद, त्यावर रस्ते आणि दुकानं, तासाभराची ढगफुटीसारखी सर आली की पाणी आत मावत नाही आणि उतारावरून थेट बाजारात. पंचवटीच्या बाजूला वाघाडी तशीच, डोंगराकडून लोंढा घेऊन येते. आणि नासर्डी, तिला आता नंदिनी म्हणतात, ती सातपूर, सिडको अशी भर वस्तीतून येते, काठाला लागून घरं. या नाल्यांना पाऊस सुरू झाल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात पूर येतो. इथे धरणवाला काही करू शकत नाही, जिल्हाधिकाऱ्यांचा मेसेज टाइप होईपर्यंत पाणी उतरायला लागलेलं असतं. इथे कामाला येतं ते फक्त आधी केलेलं काम, एप्रिल-मेमध्ये नाला मोऱ्यांपर्यंत साफ झालाय का, पुलाच्या कमानीत गादी, थर्माकोल, फांद्या अडकल्यात का, आणि वरच्या बाजूला एक पाणी मोजणारं यंत्र आहे का जे पातळी चढली की खालच्या वस्तीतला भोंगा स्वतःच वाजवेल, कोणाच्या सहीची वाट न बघता. नदी आणि नाला दोन्ही एकदम चढले तर आणखी वाईट, नदीची पातळी वर असते म्हणून नाल्याचं पाणी नदीत शिरूच शकत नाही, उलटं फिरतं आणि ड्रेनेजच्या झाकणांतून वर येतं. रस्त्यावर नदी दिसत नसताना बेसमेंट भरतं ते असं.

मग इशारा आपल्यापर्यंत नीट का येत नाही? यंत्रणा कमी आहे असं मी म्हणणार नाही. धरणाचा भोंगा आहे, महापालिकेच्या गाड्या घाटावर फिरून पुकारा करतात, अग्निशमनवाले रात्र रात्र उभे असतात, जिल्ह्याचा कक्ष १०७७ वर चोवीस तास चालू, केंद्राचं सचेत अ‍ॅप आहे, आणि २०२३ मध्ये लोकांच्या फोनवर कर्कश आवाज करत चाचणीचा मेसेज आला होता तो सेल ब्रॉडकास्ट, ज्याला अ‍ॅप लागत नाही, नंबर लागत नाही, त्या टॉवरखालच्या सगळ्या फोनना एकदम जातो. साधनं आहेत. अडतं ते मजकुरात. 'नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे' हे वाक्य वाचून कोणीही जागचं हललेलं मी पाहिलेलं नाही, कारण नदीकाठ म्हणजे मी का, आणि सतर्क म्हणजे करायचं काय? त्याऐवजी असं लिहा: 'आज रात्री ९ ला गंगापूरचा विसर्ग वाढतोय. ११ वाजेपर्यंत गौरी पटांगण आणि म्हसोबा पटांगण पाण्याखाली जाईल. गाड्या आत्ता काढा. गाडगे महाराज पुलाजवळची दुकानं १० च्या आत रिकामी करा. पहाटेपर्यंत पाणी उतरणार नाही.' एवढ्याने निम्मं काम होतं. कोणाला, कुठे, किती वाजता, काय करायचं, आणि कधीपर्यंत. शेवटचं फार लोक विसरतात, कधीपर्यंत ते नाही सांगितलं की माणूस तासाभराने परत सामान घ्यायला जातो आणि अडकतो.

दुसरी अडचण वेळ न टाकलेल्या मेसेजची. तुमच्या ग्रुपवर सकाळी सातचा आकडा दुपारी एकला फिरत असतो, कोणीतरी मागच्या वर्षीचा व्हिडिओ टाकतं. ज्यावर तारीख आणि वेळ नाही तो मेसेज पुढे पाठवूच नका, ग्रुपचा नियमच करा. आणि बुधवारचं बघा, त्या दिवशी घाटावर आठवडे बाजार असतो, खेड्यापाड्यांतून माल घेऊन आलेल्या बायका कुठल्या ग्रुपमध्ये असणार? त्यांना पुकारा करणारी गाडी आणि माणूसच लागतो. अमरधामपर्यंतच्या वस्त्या, मल्हारखाण, गंगावाडी इथेही तेच, ज्याला पोरं ओळखतात असा गल्लीतला माणूस 'चला उठा' म्हणाला की लोक उठतात, अनोळखी नंबरवरून आलेल्या मेसेजने नाही.

शहराच्या खाली सायखेडा, चांदोरीला जाऊन बघा, निफाड तालुक्यातली ही गावं दर मोठ्या पुराला पाण्यात. वरून गोदावरी, त्यात दारणा नदीचं पाणी येऊन मिळतं, खाली नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्याचा फुगवटा, आणि सायखेड्याच्या पुलाला पाणवेली अडकून बसतात त्या वेगळ्याच. त्यांच्यासाठी गंगापूर एकट्याचा आकडा अपुरा, दारणेचा पण धरावा लागतो. पण त्या गावांतली पोरं पोहण्यात तरबेज, होड्या तयार, कुठल्या घरात म्हातारं माणूस आहे, कोणाची जनावरं आधी सोडायची हे तोंडपाठ. आपल्या शहरी सोसायटीत शेजारच्या विंगमध्ये व्हीलचेअरवर कोण आहे हे माहीत नसतं.

कुंभमेळ्याचं पण मनात आहे ते सांगून टाकतो. २०२७ ची अमृतस्नानं २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबरला धरलीत, म्हणजे बरोबर त्या दिवसांत जेव्हा धरण भरत आलेलं किंवा भरलेलं असतं. लाखो माणसं अशी की ज्यांना मारुतीची कंबर माहीत नाही, मराठी येत नाही, आणि गर्दीत मागे वळायला जागा नाही. तिथे पावणेदोन तास हा वेळ अजिबात मोठा नाही, कारण घाट रिकामा करायलाच तेवढा वेळ जाऊ शकतो. स्नानाच्या आधीचे दोन-तीन दिवस धरणात जास्तीची जागा करून ठेवणं, आणि अमुक विसर्गाला अमुक घाट बंद हे आधीच लिहून सगळ्या पोलिसांच्या खिशात असणं, एवढं तरी झालंच पाहिजे. त्या वेळी पाणी वाया गेलं म्हणून कोणी ओरडलं तर ओरडू द्यावं.

आता तुमच्यापुरतं, ताई. आधी नगररचनेतून रेषा बघून घ्या. मग सोसायटीच्या वॉचमनला किंवा जवळच्या मळ्यातल्या जुन्या माणसाला विचारा की २००८ आणि २०१९ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं, आणि ती जागा कंपाउंडच्या भिंतीवर रंगाने खूण करून ठेवा. दोन पावसाळे गंगापूरचा विसर्ग आणि तुमच्या गच्चीतून दिसणारी पातळी एका वहीत लिहा, वेळेसकट. विसर्ग वाढल्यावर किती मिनिटांनी नदी चढते आणि किती आकड्याला कुठल्या दगडापर्यंत येते हे तुम्हाला कुठल्याही खात्यापेक्षा नेमकं कळेल, तो तुमचा मारुती. बेसमेंटमध्ये पार्किंग असेल तर नाशिक घाटाला रेड अलर्ट आणि धरण नव्वद टक्क्यांवर, हे दोन्ही जुळलं की गाडी रात्री वर रस्त्यावर लावा. विजेचे मीटर आणि लिफ्टची मोटर खाली असतील तर ते वर घ्यायचा विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये याच वर्षी काढा, पुरात मला पाण्यापेक्षा साचलेल्या पाण्यात उतरलेल्या करंटची भीती जास्त वाटते. बेसमेंटमध्ये पाणी शिरायला लागल्यावर गाडी काढायला कोणी खाली जाऊ नये, रॅम्पवरून येणारं पाणी दार उघडू देत नाही, गाडी गेली तर गेली. पूर बघायला पुलावर मुलांना नेऊ नका, आणि पाण्याखाली गेलेला फरशी पूल 'गुडघाभरच आहे' म्हणून कोणी ओलांडत असेल तर अडवा. सप्टेंबर संपेपर्यंत हे सगळं चालू ठेवा. तुमची सोसायटी नेमकी कुठल्या पुलाच्या वर की खाली आहे ते लिहिलंत तर पाणी पोचायच्या वेळेचा अंदाज मी आणखी नीट काढून देतो.